रोज सकाळी सहा वाजता

४ जानेवारी, रविवार
पंचांच्या मीटिंगमध्ये माझा ठराव एकमताने पास. रविवारी दोन तास वापरायचं आणि आठवडाभर कुलूप लावायचं, हे चर्च नव्हे, गोडाऊन, असं मी बोललो. बोलताना स्वतःलाच भरून आलं. उद्यापासून रविवार सोडून रोज सकाळी सहा ते नऊ अभ्यासिका. सगळ्या धर्मांच्या मुलामुलींना खुली. सुरुवातीला दहा मिनिटं मनन, ते मी घेणार. मी सेक्रेटरी, म्हणून किल्ली माझ्याकडे. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, जमेल ना? बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न! गजर ५.१५.

५ जानेवारी
गजर झाला. बंद केल्याचंही आठवतं. पोचलो ७.४० ला. पायरीवर एक मुलगी. स्नेहल, हुपरीची. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम, पहाटेपासून ठोकाठोकी, अभ्यास होत नाही. पंधरा मार्चला स्टाफ नर्सची परीक्षा. पहिल्या एस.टी.ने निघून ६.१० ला हजर होती. दीड तास थंडीत. फार वाईट वाटलं. पहिलाच दिवस म्हणून मी स्वतःला माफ केलं.
रजिस्टर सुरू. आल्याची वेळ तिने लिहिली, ६.१०. शेजारच्या रकान्यात दार उघडल्याची वेळ मी लिहायची. ६.०० लिहिली. ठरावात तीच आहे.

७ जानेवारी
७.५५. मनन रद्द. मुलीचा वेळ वाया जायला नको. रजिस्टर: ६.००.

१३ जानेवारी
तीन गजर लावले. तिन्ही बायकोने, ललिताने, ऐकले. आता ती माझ्याशी बोलत नाही.

१९ जानेवारी
बोलली. आवार झाडणारी आक्का रोज पाचलाच येते, किल्ली तिच्याकडे का देत नाही, म्हणाली. समजावलं. आक्का बावीस वर्षं झाडतेय, प्रामाणिक आहे, सगळं खरं. पण किल्ली ही जबाबदारी आहे. शिवाय आत हार्मोनियम आहे.
आक्काही आज म्हणाली, "सायेब, मी हाय की हितं पाचपासनं." माहीत आहे, म्हणालो.

२६ जानेवारी
मार्ग सापडला! आतला एक बाक बाहेर व्हरांड्यात आणला. चार माणसं लागली. वर बल्ब लावून घेतला. मोकळ्या हवेत डोकं चांगलं चालतं असं कुठंतरी वाचलंय. स्नेहल थँक्यू म्हणाली. शालीच्या आतून.

३ फेब्रुवारी
स्नेहलला खोकला. आक्काने स्वतःचं घोंगडं दिलंय. मला लाज वाटली, म्हणून खोकल्याचं औषध नेलं. ८.१० ला.

१८ फेब्रुवारी, बुधवार
ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू. कोण चहा सोडतं, कोण मटण. पाळकसाहेब म्हणाले, जे सोडवत नाही ते सोडा. मी झोप सोडणार. लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही.

१९ फेब्रुवारी
८.०५. झोपेऐवजी तांबडा रस्सा सोडला. पांढरा चालू.

१४ मार्च
उद्या तिची परीक्षा. आज काय वाट्टेल ते होवो, सहाला दार उघडायचंच, म्हणून काल बूट घालूनच झोपलो. ७.३० ला बूट घालूनच उठलो.
रजिस्टरमध्ये तरीही ६.०० लिहिली. तिने बघितलं. तिने एकदा तरी भांडायला हवं होतं.

१० एप्रिल
निकाल. दोन मार्कांनी गेलं. साठ दिवस, रोज दीड तास, म्हणजे नव्वद तास. नव्वद तासांत दोन मार्क मिळाले असते का, हा विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर तोच केला.
स्नेहल स्वतः सांगायला आली होती. माफी मागायची होती. पुढच्या वेळी नक्की, एवढंच तोंडातून आलं. तिने रजिस्टरमध्ये अभिप्राय लिहिला. वाचायचं धाडस झालं नाही.

१९ एप्रिल, रविवार
वार्षिक सभा. मी अहवाल वाचला: उपक्रम यशस्वी, एकही दिवस खंड नाही, दार रोज सहाला. टाळ्या. मग पाळकसाहेबांनी रजिस्टर मागितलं आणि अभिप्राय मोठ्याने वाचला. "पायरी रोज स्वच्छ असायची. दार उघडेपर्यंत तिथंच अभ्यास व्हायचा. आक्कांचे आभार."
शेवटच्या बाकावरून आक्का उठली. "सायबांचं बी नाव घ्या की," म्हणाली. "बाक आन् लाईट त्यांनीच दिलीया."
तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सभा संपल्यावर किल्ली तिच्या हातात दिली. एवढं करायला मला साडेतीन महिने लागले.

२० एप्रिल, सोमवार
गजर लावला नव्हता. ५.१५ ला आपोआप जाग आली. ललिता म्हणाली, आता कुठं निघालायसा? बूट चढवले. गेलो.
दार उघडं, दिवे लागलेले. आक्का आत फरशी पुसत होत्या. पायरीवर कोणी नाही. स्नेहल आता कागलला मावशीकडे राहून अभ्यास करते, त्यांनीच सांगितलं.
आक्कांना लिहिता येत नाही, म्हणून दार उघडल्याची वेळ मीच लिहिली. काय लिवलं, त्यांनी विचारलं. साडेपाच, म्हणालो.
"पाच चाळीसला उघडलं की, सायेब."
खोडलं. ५.४० लिहिलं. शेजारचा, आल्याच्या वेळेचा रकाना रिकामा आहे.