रिकामा डबा

प्रिय देवकी,

डबा चंद्रिकाच्या हाती पाठवतेय. ती सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला निघालीय. वर बोंबील आहेत, खाली जवळा. हा कागद पिशवीत गुंडाळून अगदी तळाशी ठेवलाय. जावई काही त्यात हात घालायचे नाहीत, त्यांना वास सोसत नाही ना!

तुझी किंजल मजेत आहे. बोर्डीला आल्यापासून आजोबांच्या मागे मागे होडीपर्यंत जाते, उन्हाने पार रापलीय. जतीनने भाचीला सायकल शिकवली. पडली, गुडघा फुटला, तरी रडली नाही. आधी मला कौतुक वाटलं. मग बघते तर काय, एवढीशी पोर, लागलं की रडायचं सोडून आधी इकडेतिकडे बघते, कुणी ऐकलं का म्हणून.

काल आम्ही दोघी बोंबील वाळत घालत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचं तिला छान जमतं, तुझ्यासारखंच. हात चालू आणि तोंडाने सुट्टीचा अभ्यास. बाईंनी शब्द दिलेत, वाक्यात वापरायचे. 'सोसणे' आला. म्हणाली, बोंबील ऊन सोसतो. मी म्हटलं, शाब्बास. मग म्हणाली, होडी लाटा सोसते. वा गं माझी बाय! आणि त्याच सुरात, हातातला बोंबील अडकवता अडकवता म्हणाली, आई बाबांचा मार सोसते. वर मलाच विचारलं, हेही बरोबर आहे ना आजी?

बरोबर आहे म्हटलं. बोंबील तसेच टाकून घरात आले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

कधीपासून गं हे? दर फोनला म्हणतेस, सगळं बरं आहे. तो शेजारी बसून ऐकत असतो, हेही किंजलनेच सांगितलं. मला राग आलाय, त्याचा आणि तुझाही. आई मेली होती का तुझी? तुझे बाबा भरल्या ताटावरून उठले. जतीन तर लगेच गाडी काढत होता, मीच अडवला. हे दोघे तिथे येऊन भांडले आणि तू दारात उभी राहून काही नाही म्हणालीस, तर आम्ही निघाल्यावर तुझं काय होईल, या भीतीने जीव उडालाय.

म्हणून हे लिहिलं. लग्न झाल्यापासून तू हा डबा कधी रिकामा धाडला नाहीस. मूठभर तांदूळ, नाहीतर शेवग्याच्या चार शेंगा असतातच. रिकामं भांडं माघारी देऊ नये, हे मीच तुला शिकवलं. या खेपेला विसर ते. यायचं असेल तर डबा नुसता धुऊन चंद्रिकाच्या हातात दे, एक दाणा घालू नकोस. झाकण उघडून बघितलं की आम्ही टेम्पो घेऊन निघतो. किंजलला मात्र मी आता तिकडे पाठवत नाही, त्यात तुझंही ऐकणार नाही. आणि तुझं मन अजून धजत नसेल, तर घाल तांदूळ. मी रागावणार नाही. पुढच्या बाजाराला डबा पुन्हा येईल.

तुझीच,
आई