कापडाची कात्री

अब्बा,

एटापल्लीला माझ्या क्वार्टरच्या दारात एक कुत्रा येऊन बसतो. मुळात तांबडा आहे की खाणीच्या ट्रकांची धूळ बसून तांबडा झालाय, कळत नाही. दोन-तीन दिवस तो शेपटीच्या बुडाशी सारखा चाटत होता. आज केस बाजूला करून पाहिलं. वर केसांचा चिकटून गठ्ठा झालेला, खाली ओली, लाल जखम. उथळ होती, अळ्या नव्हत्या. असत्या तर सरळ गुरांच्या दवाखान्यात नेलं असतं. आधी केस कापायला हवे होते, आणि घरात कात्री एकच आहे. तुमची.

चंद्रपूरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात त्या कात्रीला कापडाशिवाय काही लावायचं नाही, हा तुमचा कायदा. कागदाने धार जाते. मी शाळेत असताना त्याच कात्रीने रंगीत कागद कापत बसले होते, तर तुम्ही मशीन थांबवलंत, कात्री काढून घेतलीत आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "खेळणं होय का हे?" मी कागद गोळा करून घरी गेले.

त्याच पावसाळ्यात दुकानाच्या पायरीखालच्या काळ्या कुत्रीला अशीच जखम झाली. शेजारचा गॅरेजवाला जळकं ऑइल लावायला घेऊन आला. चाटून ते तिच्या पोटात जाईल, म्हणून तुम्ही त्याला थांबवलंत, आणि तीच कात्री घेऊन पायरीवर बसलात. अजून दिसतं मला. डाव्या हाताचं बोट तुम्ही तिच्या कातडीवर आडवं ठेवता, केस त्याच्यावर घेता, म्हणजे पातं लागलंच तर तुम्हाला लागावं. मग मिठाच्या कोमट पाण्याने जखम पुसता, चिंधीने टिपून कोरडी करता. मी मागे उभी आहे.

"कुत्रीले चालते, मले नाई?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "कागदाले दुखते का, बेटा?"

गॅरेजवाला हसला. त्यानंतर मी दुकानात आलेच नाही. पुढे तुमची नजर कमी झाली. सुई ओवायला तुम्ही मला बोलवायचात, मी भावाला पाठवायचे. तुम्ही कधी कारण विचारलं नाहीत. तुम्ही गेल्यावर भावाने कात्री माझ्या हातात दिली. म्हणाला, अब्बांनी ही तुझ्यासाठीच ठेवायला सांगितली होती.

आज मीही बोट आडवं ठेवलं. पातं बोटाला घासून गेलं. धार अजून आहे. जखम धुतली, कोरडी केली. कुत्रा चाटायला वळला की अडवायचं, म्हणून जवळच बसून हे लिहिते आहे.

त्या कागदांच्या पताका करणार होते मी, अब्बा, ईदला दुकानाच्या दारावर लावायला. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहत राहिले, आणि तुम्ही सुई हातात धरून माझी. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पोचणार असतं, तर मला लिहिता आलं नसतं.