दहापैकी दहा

विटा, मंगळवार संध्याकाळ

सानिकाला इंग्रजीच्या उताऱ्यात दहापैकी दहा, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

उतारा एका मुलीचा. तिचा बाप लांब कामाला, ती गावी त्याची वाट बघते. सानिकाचे वडीलही कोइमतूरला, सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात. वर्षातून एकदा येतात. वाटलं, पोरीच्या काळजाला भिडलं असणार. कौतुकानं विचारलं, "काय होतं गं त्या उताऱ्यात?"

"माहीत न्हाई, मॅडम."

"मग उत्तरं कशी लिहिलीस?"

"तुमीच सांगितलंय की. आधी प्रश्न बघायचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आन् ते वाक्य उतरून काढायचं. वाचत बसलं की लय टाइम जातोय."

खरंच, मीच सांगितलंय. दरवर्षी, दहावीच्या प्रत्येक तुकडीला. निकाल चांगला लागतो, मुख्याध्यापक खूश. पण मग मी शिकवते तरी काय? दहापैकी दहा घ्यायला?

माझाच राग मला आला. पेपर बाजूला सारला आणि तो उतारा तिला मराठीत सांगायला बसले. हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मुलगी स्टँडवर जाते, गाडी येते, माणसं उतरायला लागतात, इथवर सांगितलं.

"मग? आला का तिचा बाप?"

बाजूला सारलेला पेपर मी पुन्हा ओढला. तीन वर्षं हाच उतारा देतेय, गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत. शेवटच्या ओळींवर प्रश्नच नाही. त्या मी कधी वाचल्याच नाहीत.