सव्वासहा किलोचा नारळ

तीर्थस्वरूप दादास,

मसुऱ्याहून धाकट्या दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि पुण्याची हवा, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. आम्ही सगळे ठीक. (विहिरीचं पाणी तेवढं गढूळ आहे. त्याचं कारण खाली येईल.)

तुझी अस्मिता सुखरूप पोचली. सोबत कपड्यांची लहानशी पिशवी आणि तो बोलिंगचा गोळा, म्हणजे तेल लावलेल्या लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडून टोकाच्या दहा बाटल्या पाडायचा तो. तिच्या सरांनी नवाकोरा दिलाय, बोटांची भोकं अजून पाडायची आहेत. तू म्हणे तिला सांगितलंस, की ह्या गोळ्यात एवढं काय आहे ते मला पटवून दे, तरच राज्याच्या निवडीच्या अर्जावर सही करीन. पोरीने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू पेपर वाचत होतास. म्हणून ती काकाकडे आली. (तीस वर्षं नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळावर नारळ आपटून लढवतोय, ज्याचा फुटला तो हरला. गोल वस्तूच्या पोटातलं कळणारा माणूस आपल्या घरात दुसरा आहे कोण?)

तर पेपर बाजूला ठेव आणि ऐक. गोळा बाहेरून गुळगुळीत, पण आत एक जड गाभा असतो आणि सगळी करामत त्या गाभ्याची. खोक्यावर दोन आकडे छापलेत. पहिला आरजी. कळशी कमरेला धरून गर्रकन वळता येतं, पण कावडीच्या दोन टोकांना घागरी लटकवल्या की वळायला वेळ लागतो, हे तुला आठवत असेल (कावड तू नेहमी माझ्याच खांद्यावर द्यायचास). तसंच हे. आरजी कमी म्हणजे वजन पोटाशी, गोळा लवकर लोळायला लागतो. जास्त म्हणजे वजन सालीकडे, तो आधी लांबवर घसरत जातो. दुसरा आकडा डिफरन्शियल. गाभा लांबट असला तर गोळा उभा फिरवणं आणि आडवा फिरवणं सारखं राहत नाही. त्यांच्यातला फरक म्हणजे हा आकडा. तो मोठा असला की गोळा लोळता लोळता कलतो, दर फेरीला तेल न लागलेली कोरी जागा खाली आणतो आणि शेवटी झटक्यात वळून बाटल्यांत शिरतो. म्हणून भोकं कुठे पाडायची ते गाभा कुठे आहे ते बघून ठरवायचं. गाभ्याचं टोक दाखवायला वर एक रंगीत ठिपका असतो.

आता छापील ठिपक्यावर विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. लढवायचा नारळ आपण कसा पारखतो? सोललेला नारळ पाण्यात सोडायचा, जी बाजू खाली जाते ती जाड. अस्मिता आंघोळीला गेली होती. मी गोळा विहिरीवर नेला आणि अलगद पाण्यात सोडला. दादा, जन्मात माझा एकही नारळ बुडाला नाही. हा सव्वासहा किलोचा होता. एक बुडबुडा आला, बस्स.

मग बाबलीला बोलावलं. गावात कोणाचीही कळशी विहिरीत पडली की गळ टाकून तो काढतो. त्याने तासभर गळ टाकला, पण भोकंच नसलेल्या गोळ्याला गळ अडकणार कुठे? अस्मिता ओल्या केसांनी काठावर उभी होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "काका, निवड सव्वीस तारखेला आहे." मला विहिरीत उडी मारावीशी वाटली. पण माझ्याआधी बाबलीच शिंकाळं घेऊन उतरला.

तिसऱ्या बुडीत गोळा वर आला. "ह्यो नारळ न्हय, तोफेचो गोळो आसा. ह्याच्या पोटात आसा तरी काय?" बाबलीने छातीभर पाण्यातून विचारलं. तेव्हा अस्मिताने काठावर बसून, पाण्याने भरलेली कळशी हातात घेऊन, त्याला सगळं सांगितलं. (कावडीचा दाखला तिचाच. मी वर माझा म्हणून खपवला.) विहिरीभोवती जमलेली दहाबारा माणसंही ऐकत होती. बाबली म्हणाला, "माका कळला. मगे तुझ्या बापाशीक कित्याक कळणा नाय?"

गोळ्याला ओरखडा नाही. पोर उद्या सकाळच्या गाडीने निघतेय, हे पत्र तिच्याच हाती देतोय. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण ती बोलत असताना तिचे डोळे बघितले, आणि ही निवडली जाईल असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्तू

ता. क. अर्ज सोबत आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली आहे.

आणखी एक ता. क. तू सातवीत असताना लढवायला निवडलेला नारळ तीन आठवडे तांदळाच्या डब्यात लपवला होतास. पौर्णिमेच्या सकाळी बाबांनी तो काढून फोडला आणि तुला गणितं घालून बसवलं. त्याच नारळाची सोलकढी झाली. तू ताटावरून उठलास, मी दोन वाट्या प्यालो. त्या दिवशी करवंटी मी हातात घेऊन पाहिली होती. तेवढी जाड करवंटी मी आजवर पुन्हा पाहिली नाही. तू जिंकला असतास, दादा. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.