पहिलं कार्ड

प्रिय मावशी,

तू लिहिलेली संगणकाची भाषा उद्या पाहुण्यांना दाखवणार आहेत. ती ज्यांवर आहे, तो भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रात मीच घालायचा आहे.

सकाळी साहेबांनी बोलावलं. "पहिल्या कार्डावर तुझ्या मावशीचं नाव आहे. ते काढ, माझं घाल."

"साहेब, भाषा तिनं लिहिली."

"अरे, यंत्र ते कार्ड नुसतं छापतं, त्यावाचून काम अडत नाही. तुझं का अडतंय? जमत नसेल तर परवापासून येऊ नकोस."

मी कार्ड बदललं. एकही अक्षर चुकवलं नाही. मग गठ्ठा उभा केला. कार्डं सांडली तर क्रम लावता यावा म्हणून तू गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईची तिरकी रेघ ओढली होतीस. ती आता दुसऱ्या कार्डापासून सुरू होत होती. नव्या कार्डावर एक ठिपका दिला असता तर कुणाला कळलं नसतं. पेन उचललं आणि परत ठेवून दिलं.

तुला विचारलं तर अंथरुणातूनच, तू मला ठेवलेल्या लाडक्या नावानं म्हणशील, "कानामात्रा, वेडा आहेस का? नोकरी सांभाळ." तुझी औषधं माझ्याच पगारातून येतात. तू खरंच तसं म्हणशील याची भीती वाटते, म्हणून हे पत्र तुला देणार नाही.

साहेबांच्या नावाचं कार्ड माझ्या खिशात आहे, तुझं पुन्हा त्याच्या जागी. रेघ पुन्हा सलग झाली आहे.

परवा सकाळी मी घरीच दिसलो, तर काही विचारू नकोस.

तुझाच,
कानामात्रा