समितीचा पेला

२ मार्च, रविवार

आमच्या बारांगायचे, म्हणजे वस्तीचे, प्रमुख कप्तान तेओदुलो यांनी आज मला वस्तीच्या नशाविरोधी समितीची चिटणीस केलं. विचारलं नाही, नुसती वही हातात ठेवली! मी घेतली. बर्फाच्या कारखान्यामागे पोरं पिशवीत चपला चिकटवायचा डिंक ओतून नशेसाठी हुंगतात, आणि माझी लेक मिरासोल सोळाची झालीय. तिला तिकडचं वारं लागता कामा नये. बाकी गाव सुधारो न सुधारो.

५ मार्च

फलक आला. दहा फुटी. नऊ फुटांत कप्तानांचं हसरं तोंड, खाली बारीक अक्षरांत ‘यापासून सावध राहा’! बाकीच्या मजकुराला जागा उरली नाही म्हणे.

९ मार्च, रविवार

तरुणांसाठी झुंबा. एकतीस जणी आल्या. सगळ्यांत तरुण मी — बावन्न वर्षांची! माडी काढणारा पिलो समितीचा सदस्य, तो एकटाच पुरुष. पहिल्याच उडीत कंबर धरून बसला. मिरासोल कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

१२ मार्च

समितीची पहिली बैठक. हजर: मी.

१३ मार्च

कप्तानांना जाब विचारला. “फेलिसाताई, कोरड्या बैठकीला कोण येणार?”

“अहो, आपण नशेविरुद्ध बसणार ना?”

पिलो मधेच म्हणाला, “माडी म्हणजे काय नशा? झाडाचं पाणी ते. तुमच्या बारशाला माझ्या बापाचीच माडी होती.” कप्पाळ! दर बुधवारी एक घागर मंजूर केली.

१९ मार्च

सगळे हजर, तेही वेळेआधी! एकच पेला, गोल फिरणारा. कुणाला ओलांडून गेला की त्याचा अपमान. ओतायला मिरासोलला बसवलं. हात स्थिर आहे पोरीचा, थेंब सांडत नाही. शिवाय माझ्या डोळ्यांसमोर राहते. दर फेरीचा शेवटचा घोट ओतणाऱ्याचा, ही जुनी रीत. घोटभरानं काय होतंय!

ठराव: तरुणांनी वाईट संगत टाळावी. कप्तानांनी चुकून दोनदा वाचला, दोन्ही वेळा एकमतानं मंजूर.

२ एप्रिल

आज नऊ ठराव. तरुण पिढीच्या काळजीनं पिलो ढसाढसा रडला. मग त्यानं गाणं म्हटलं.

८ एप्रिल

काम वाढलं म्हणून बैठक आता रोज दुपारी. कप्तान म्हणाले, “ताई, पोरगी गुणी हो तुमची. ‘आज बैठक आहे ना?’ म्हणून सकाळीच विचारायला येते.” मला फार अभिमान वाटला.

कारखान्याकडे ती फिरकतही नाही.

२० एप्रिल, रविवार

आरोग्य केंद्रात आमचं टेबल सुरू झालं. नशा सोडायची असेल त्यानं यायचं, नाव बाहेर जाणार नाही. तीन तास बसले. एक कोंबडी येऊन गेली.

२७ एप्रिल, रविवार

आज कुणीतरी आलं. मिरासोल.

समोरच्या खुर्चीत बसली. हात थरथरत होते. “आई, मला आता सकाळी उठल्या उठल्या लागते.”

अर्जात ‘कुणाच्या संगतीनं सुरू झालं’ असा रकाना आहे. मी पेन उचललं. तिनं ते माझ्या हातून घेतलं आणि लिहिलं — समिती.