खालची रेघ

सर, आज उन्हाचा सोळावा दिवस. एप्रिल अजून अर्धाही सरलेला नाही आणि सुकापूरच्या या चौथ्या मजल्यावर सकाळी आठलाच नळाला कढत पाणी येतं. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला दिवाळीला साधं कार्डही कधी टाकलं नाही. पण गेले दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते आहे. एकटीनं किती भांडायचं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही शिकवलंत त्यावरच माझं पोट चालतं, हे आधी सांगून टाकते. नवीन पनवेलमधल्या एका लहानशा कंपनीत मी हवामानाचा अंदाज लिहिते, पनवेल, उरण, जासई, इकडे आपट्यापर्यंतच्या भागाचा. संगणकावर दोन-तीन वेगवेगळे अंदाज येतात. ते समोर ठेवून मी रोज सकाळी सहा वाजता चार ओळी लिहिते आणि त्या आमच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर जातात. गिऱ्हाइकं बहुतेक जासईकडची कंटेनर यार्डं. त्यांनी आपापसांत ठरवून टाकलंय की मी 'उष्णतेची लाट' लिहिलं तर बारा ते चार कंटेनरच्या आत शिरून माल भरायचं काम बंद. 'उष्ण व दमट' लिहिलं तर चालू. तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की लाट, खाली राहिलं की उष्ण व दमट. अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकावर ठरतं, भर दुपारी त्या लोखंडी पेटीत माणूस शिरणार की नाही.

शाळेच्या मागच्या अंगणात तुम्ही खटपट करून बसवलेली पांढरी जाळीची पेटी आठवते ना? आत तापमापक. नववीत त्याची नोंद ठेवायचं काम तुम्ही मला दिलंत. कोळ्याच्या पोरीला दिलंत म्हणून स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, ती तुम्ही कानाआड केलीत. मी तेव्हा हवेत होते. रोज अडीच वाजता वर्गातून उठायचं, चपला काढून चौरंगावर चढायचं, श्वास रोखून पारा वाचायचा. श्वास लागला तर पारा हलतो, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी तर डोळ्यांची पापणीसुद्धा हलवत नसे.

आणि मग तो दिवस. असाच एप्रिल. आई मासळी बाजाराच्या बाहेर रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेली, आतल्या ओट्यावर तिला जागा नव्हती. मधल्या सुट्टीत शेजारची बाई शाळेत सांगत आली, "तुजे आयशीला घेरी आली गो, पानी मारलंय, बसलीय आता." मी पळत जाऊन आले. आई भिंतीला टेकून बसलेली, तोंड काळंनिळं, आणि तरी गिऱ्हाइकाला सांगतेय, बोंबील ताजे हायत. परत येऊन मी अडीचला पारा वाचला. तो दोन रेघांच्या बरोबर मध्ये होता. मी वरची रेघ लिहिली. तुम्ही विचारलंत, वरची का? मी खरं ते सांगितलं. वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला घेरी आली म्हणून पारा वर चढत नाही." सगळा वर्ग हसला, सर. तुम्ही लाल शाईनं माझा आकडा खोडलात आणि म्हणालात, "मध्ये असेल तर खालची रेघ. आकडा फुगवायचा नाही. उगाच बोंबाबोंब करायला आपण पेपरवाले नाही."

पुढे शिकले तेव्हा कळलं की असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. दोन रेघांच्या मध्ये असेल तर दशांशाचा अंदाज करून तसंच लिहायचं असतं. खालची रेघ हा तुमचा स्वतःचा नियम होता. पुण्याहून आलेल्या, आवाज न चढवणाऱ्या, सोसणं म्हणजे सभ्यपणा मानणाऱ्या माणसाचा. तुम्हाला कधी उन्हात बसून काही विकावं लागलं नव्हतं. खालची रेघ तुम्हाला परवडत होती.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही बाजारात आलात, मासळी खात नसूनही. नाकाला रुमाल न लावता उभे राहिलात आणि आईला एक काळी छत्री दिलीत. नवी कोरी, दांड्यावरचं कागदी लेबलही निघालेलं नव्हतं. आई किती दिवस ते सांगत होती. ती छत्री तिनं पाटीवर धरली, स्वतःवर नाही. मासळी टिकली पाहिजे ना. तुम्ही वाईट नव्हता, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही सरळसरळ दुष्ट असतात तर मी केव्हाच तुम्हाला विसरले असते.

या उन्हाच्या अकराव्या दिवशी सकाळी माझ्यासमोर दोन अंदाज होते. एक लाटेच्या रेषेच्या वर, एक खाली. मी खालचा धरला. लिहिलं, 'उष्ण व दमट, लाट नाही.' दुपारी एका यार्डात कंटेनरच्या आत गोणी रचताना एक माणूस पडला. बाहेर काढेपर्यंत संपला होता. जासईचाच, चाळिशीतला.

परवा त्याची बायको माझ्या दारात आली. चार मजले चढून, पदरानं मान पुसत. पाणी दिलं तर अर्धं प्यायली आणि अर्धं हातात धरून बसली.

"ताई, ते मोबाइलवर येतं ते तुमीच लिवता ना?"

मी हो म्हणाले.

"माजा मानूस कदी प्यायला नाय. हलदीत नाय, लग्नात नाय. आनि आता आक्का गाव बोलतंय, पिऊन पडला. सायेब सांगतोय, त्या दिसाला लाट नव्हती, कागद हाय आमच्याकडं. मंग उन्हानं कसा मरंल?" तिनं पेला खाली ठेवला. "मना काय नको. माजी पोर शालेत जाते, तिला पोरी बोलतात. तुमी येवडं लिवून द्या, ऊन व्हतं. येका कागदावर. तुमी आमच्यातल्याच ना?"

मी म्हणाले, बघते. सर, 'बघते' हा शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. आमच्या घरी हो म्हणतात नाहीतर नाय म्हणतात.

ती गेल्यापासून मी तुम्हाला शिव्या देते आहे. तुमच्या लाल शाईला, त्या नियमाला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका मुलीच्या हाताला तुम्ही खाली जायची सवय लावलीत आणि त्या हातानं माणूस मारला, असं मी इथवर लिहीत आले. वाचायला बरं वाटतं. पण खरं नाही.

त्या सकाळी तुम्ही मला आठवलाच नव्हता. दोन दिवस आधी, नवव्या दिवशी, मी लाट लिहिली होती. काम बंद ठेवलं गेलं, आणि दुपारी खाडीवरून असा वारा सुटला की हवा चक्क बरी झाली. त्याच यार्डाच्या साहेबानं सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "मॅडम, उद्या स्वेटर घालून येऊ का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आमच्या मालकानंही एक टाकला. अकराव्या दिवशी मी खालचा आकडा घेतला तो एवढ्यासाठीच, की मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. तुमचा नियम मला तो माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी आठवला, कुणावर तरी ढकलायचं होतं तेव्हा.

तिला फक्त अर्धं पान हवंय. त्या दिवशी दुसरा अंदाज रेषेच्या वर होता आणि मी तो सोडला, एवढंच त्यात लिहायचं आहे. लिहिलं की माझी नोकरी जाईल, आणि ग्रुपवरचे सगळे म्हणतील, हिलाच कळत नव्हतं. तरीही अर्धं पानच आहे ते. आज सुट्टी घेऊन मी तेच लिहायला बसले होते, सर. तुम्हाला एवढं सगळं लिहून झालं, आणि तिच्या कागदावर मी अजून तारीखसुद्धा घातलेली नाही.